गावकीचा निवाडा आणि सरकारदरबारचा अर्ज

रायगड जिल्ह्याच्या किनारपट्टीवर, अलिबाग-मुरूडपासून श्रीवर्धनपर्यंत, कुटुंबांना वाळीत टाकल्याच्या तक्रारी पोलीस ठाण्यांत, तहसील कचेऱ्यांत आणि उच्च न्यायालयात वारंवार पोहोचल्या, आणि सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा हवा ही मागणी ज्या भागांमुळे बळावली त्यांत हा जिल्हा अग्रभागी होता. असा बहिष्कार घालणारी गावकी म्हणजे गावातील, बहुधा एकाच जातीतील, कुटुंबांची परंपरागत सभा. ग्रामपंचायतीसारखा कायद्याचा आधार तिला नसतो, तरी देवळाची व्यवस्था, उत्सवाची वर्गणी आणि आपसांतील तंटे तीच पाहते, आणि अनेक गावांत नोकरीधंद्यासाठी मुंबईला गेलेल्यांचे मंडळही तिच्या शब्दाबाहेर जात नाही. गावकीने ठरवलेल्या उमेदवाराविरुद्ध निवडणूक लढवणे, जातीबाहेर लग्न करणे, जमिनीच्या वादात कोर्टाची पायरी चढणे, पंचांनी लावलेला दंड न भरणे, अशी कारणे या तक्रारींत दिसतात. वाळीत टाकलेल्या घराशी बोलणाऱ्यालाही दंड, हा नियम या व्यवस्थेचा कणा होय, कारण ज्यांच्या मनात वैर नाही असे लोकही त्यामुळे शेजाऱ्याचा उंबरा टाळतात; मग दुकानात सामान मिळत नाही, लग्नाला कोणी फिरकत नाही आणि मयताला खांदा द्यायला माणसे उरत नाहीत.

अशा वेळी सरकारने किती पुढे जावे, हा प्रश्न इंग्रजी अमदानीइतका जुना आहे. मुंबई इलाख्याच्या 1827 च्या दुसऱ्या रेग्युलेशनने जातीच्या प्रश्नांत दिवाणी न्यायालयांनी हात घालू नये असे ठरवले, तर 1850 च्या एकविसाव्या कायद्याने धर्म सोडल्यामुळे किंवा जातीबाहेर टाकले गेल्यामुळे कोणाचाही मालमत्तेचा वा वारशाचा हक्क बुडणार नाही अशी हमी दिली. पंक्तीत कोणाला बसवायचे हे जातीने पाहावे आणि घर-शेतीवरचा हक्क न्यायालयाने राखावा, अशी ही विभागणी होती. ती रयतेच्या कळवळ्यापेक्षा राज्यकर्त्यांच्या सोयीतून आली असावी, तरी तिच्यातली रेघ आजही उपयोगी पडते.

ही रेघ अपुरी कशी पडते ते याच जिल्ह्याने, तो कुलाबा म्हणून ओळखला जात असताना, दाखवून दिले. 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली महाडच्या चवदार तळ्यावर सत्याग्रह झाला, आणि तळ्याचा वाद न्यायालयांतून फिरत अखेर 17 मार्च 1937 रोजी मुंबई उच्च न्यायालयात अस्पृश्यांच्या बाजूने निकाली निघाला. परंतु निकालाने तळे खुले होते, दुकान नव्हे. मुंबई सरकारने 1928 मध्ये नेमलेल्या आणि आंबेडकर ज्यात सदस्य होते त्या स्टार्ट समितीने नेमके हेच नोंदवले, की हक्क मागणाऱ्या दलितांविरुद्धचा बहिष्कार उघड हिंसेपेक्षा भयंकर असतो, कारण माल न विकणे, मजुरी न देणे यांपैकी कोणतीच कृती सुटी पाहिली तर गुन्हा ठरत नाही. हाच अहवाल पुढे ठेवून आंबेडकरांनी गोलमेज परिषदेत बहिष्काराला गुन्हा ठरवण्याची मागणी केली आणि ब्रह्मदेशातील 1922 च्या बहिष्कारविरोधी कायद्याचा नमुना घेतला. सरकारकडे केलेल्या या मागणीत कोणाच्या श्रद्धेवर निवाडा मागितलेला नव्हता, तर जगण्याच्या साधनांची नाकेबंदी थांबवण्याची मागणी होती, आणि तिचे सामर्थ्य त्यातच होते.

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने 1949 साली अधिक मोठी उडी घेतली. त्या वर्षीच्या बहिष्कार प्रतिबंधक कायद्याने जातीतून वा पंथातून कोणालाही बाहेर काढणे, मग कारण धार्मिक असो वा अन्य, बेकायदा ठरवले. दाऊदी बोहरा समाजाचे धर्मगुरू सय्यदना ताहेर सैफुद्दीन यांनी त्याला आव्हान दिले, आणि 1962 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी तो रद्द केला. पंथाला आपली शिस्त राखण्यासाठी धार्मिक कारणावरून सदस्याला बाहेर काढता येणे हा राज्यघटनेच्या अनुच्छेद 26 ने दिलेल्या, म्हणजे धार्मिक बाबींची व्यवस्था स्वतः पाहण्याच्या, हक्काचाच भाग आहे, असे बहुमताचे म्हणणे होते. विरुद्ध मत देणारे सरन्यायाधीश भुवनेश्वरप्रसाद सिन्हा यांनी बहिष्कृताच्या अवस्थेत अस्पृश्यतेची छाया पाहिली. बोहरा सुधारकांनी 1986 मध्ये या निकालाच्या फेरविचारासाठी याचिका केली आणि फेब्रुवारी 2023 मध्ये पाच न्यायाधीशांच्या पीठाने तो प्रश्न नऊ न्यायाधीशांकडे सोपवला. बहुमताचा निकाल पंथाच्या स्वातंत्र्याची काळजी घेतो, परंतु त्या पंथात जन्मलेल्या आणि दफनभूमीही गमावणाऱ्या माणसाचे स्वातंत्र्य त्यात फारच लहान होऊन जाते.

याच किनाऱ्याने याच्या उलट दिशेचाही अनुभव दिला आहे. अलिबागजवळच्या नवगावला आपले पूर्वज जहाज फुटून लागले असे मानणारे, कोकणात शनिवार तेली म्हणून ओळखले गेलेले मराठीभाषक बेने इस्रायल मोठ्या संख्येने इस्रायलला गेले. तेथे मुख्य धर्मपीठाने त्यांच्या विवाहांसाठी पिढ्यान्पिढ्यांच्या चौकशीची अट घातली. त्यांनी निदर्शने केली, जेरुसलेममध्ये ठाण मांडले, आणि ऑगस्ट 1964 मध्ये तेथील संसदेने ते सर्वार्थाने ज्यू आहेत असा ठराव केला. धर्मपीठाने नियमातून बेने इस्रायलांचे नाव वगळले. तेथे विवाहाची नोंद धर्मपीठाच्याच हाती असल्याने नागरी हक्क धर्मनिर्णयात अडकला होता, म्हणून सरकारकडे जाण्यावाचून मार्ग नव्हता. जेथे तसा गुंता नाही तेथे न्यायालये मागे सरतात: कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये, यहोवाच्या साक्षीदारांच्या मंडळीतून काढलेल्या सदस्याच्या दाव्यात, केवळ सदस्यत्वाचा वाद ऐकण्यास नकार दिला.

महाराष्ट्राचा सध्याचा कायदा या इतिहासानंतरचा आहे. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या 2013 पासूनच्या जातपंचायतविरोधी मोहिमेमुळे आणि रायगडच्या तक्रारींमुळे एप्रिल 2016 मध्ये विधिमंडळाने तो मंजूर केला, राष्ट्रपतींच्या संमतीनंतर जुलै 2017 मध्ये तो अमलात आला, आणि 1949 चा कायदा त्याने निरसित केला. बहिष्कार घालणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, होऊ शकतात; पीडिताला पोलिसांकडे किंवा थेट दंडाधिकाऱ्यांकडे जाता येते. दुकान, पाणी, स्मशान यांच्या अडवणुकीबाबत या कायद्याच्या आड धर्मस्वातंत्र्य येत नाही. कठीण प्रश्न शिमग्याच्या पालखीचा आहे: धार्मिक कार्यात सहभागाला अडथळा आणणे हाही येथे गुन्हा असला, तरी पालखी वाळीत टाकलेल्या घराच्या अंगणात न थांबणे हा गावकीचा दंड की देवस्थानाची धार्मिक बाब, याचे उत्तर प्रत्येक प्रकरणाच्या पुराव्यावर ठरेल. पंचांचा दंड आधी आणि पालखीचा मार्ग नंतर बदलला असेल, तर ते धर्मकारण नसून शिक्षाच होय.

अधिक चिंतेची बाब तडजोडीची आहे. पीडिताची संमती आणि न्यायालयाची परवानगी असल्यास हा गुन्हा आपसांत मिटवता येतो, आणि शेजार टिकवायचा असेल तर ही वाट हवीच. परंतु ज्या कुटुंबाशी वर्षभर कोणी बोललेले नाही त्याच्यासमोर तक्रार मागे घेण्याचा कागद तीच गावकी ठेवते, तेव्हा त्या सहीमागे इच्छा आहे की कंटाळा, आणि दुकान, स्मशान व पालखी प्रत्यक्षात खुली झाली आहेत की नाहीत, याची विचारणा परवानगी देण्याआधी दंडाधिकाऱ्यांनी केली पाहिजे.