लोखंड आटले, अंतर उरले

औष्णिक वीज केंद्राच्या चिमणीतून निघणारा धूर डोळ्यांना फारसा दिसत नसेल, तर त्याचे श्रेय चिमणीच्या अलीकडे उभ्या असलेल्या एका अवाढव्य पोलादी खोलीला द्यावे लागते. स्थिरविद्युत अवक्षेपक हे तिचे पुस्तकी नाव; केंद्रातली माणसे मात्र तिला ईएसपी म्हणूनच ओळखतात. 500 मेगावॉटचा एक संच पूर्ण भाराने चालतो तेव्हा ताशी सुमारे 300 ते 350 टन कोळसा जळतो. त्यात तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त राखच असते, आणि तिच्यातली साधारण 80 टक्के राख वायूबरोबर उडून जाते. म्हणजे दर तासाला 80 ते 100 टन राख चिमणीकडे निघालेली असते, आणि तिच्यातली अवघी शंभरेक किलो बाहेर जावी, एवढी या खोलीकडून अपेक्षा असते.

खोलीत 300 ते 400 मिलिमीटर अंतराने पोलादी पत्रे टांगलेले असतात आणि दोन पत्र्यांच्या मधोमध बारीक विद्युतवाहक तारा असतात. तारांना साठ-सत्तर हजार व्होल्टचा ऋण दाब दिला की त्यांच्याभोवतीची हवा आयनित होते, जवळून जाणारे राखेचे कण विद्युतभारित होऊन पत्र्यांना चिकटतात आणि ठराविक वेळाने हातोड्यांचे ठोके बसले की राख खालच्या नरसाळ्यांत पडते. हा सगळा खेळ कल्पनेच्या पातळीवर सोपा आहे. त्यातली अवघड गोष्ट खोलीच्या छतावर असते, आणि ती म्हणजे हा दाब पुरवणारी पेटी.

ब्रिटनमध्ये ऑलिव्हर लॉज यांच्या प्रेरणेने 1885 च्या सुमारास वेल्समधील बॅगिल्टच्या शिसे कारखान्यात असा प्रयोग झाला तो फसला, कारण हाताशी असलेले विम्सहर्स्ट यंत्र पुरेशी वीज देऊ शकत नव्हते. कॅलिफोर्नियात फ्रेडरिक कॉट्रेल यांना 1907 पासून यश मिळाले ते रोहित्र आणि फिरता यांत्रिक रेक्टिफायर त्यांच्या हाती आल्यामुळे. पुढे रेक्टिफायर बदलले, थायरिस्टर हे अर्धवाहक स्विच आले. पण मूळ रचना शतकाच्या बहुतांश काळात तशीच राहिली. 415 व्होल्टची 50 हर्ट्झची वीज तेलात बुडालेल्या लोखंडी रोहित्रातून चढवायची आणि डायोडने एकाच दिशेला वळवायची, असा तो परिपाठ. छतावर टनाच्या आसपास वजनाच्या टाक्या दिसतात त्या या परिपाठाच्या.

या जुन्या पेटीत एक मुरलेला दोष आहे. तिच्यातून मिळणारा दाब सपाट नसतो, सेकंदाला शंभर वेळा तो वरखाली होतो. ठिणगी कधी पडेल हे दाबाच्या शिखरावर ठरते, तर राख किती धरली जाईल हे बऱ्याच अंशी सरासरीवर ठरते. शिखर 65 हजार व्होल्टला अडले की सरासरी पन्नास हजारांच्याही खाली राहते. शिवाय ठिणगी पडल्यावर थायरिस्टर मध्येच बंद करता येत नाही; प्रवाह आपणहून शून्यावर येईपर्यंत, म्हणजे दहा मिलिसेकंदांपर्यंत, ठिणगीला वीज मिळत राहते. सरासरी दाबाचे मोल किती हे अवक्षेपकाची कार्यक्षमता सांगणाऱ्या डॉइच यांच्या 1922 च्या सूत्रावरून कळते. राख धरण्याचे प्रमाण 99 टक्क्यांवरून 99.9 टक्क्यांवर न्यायचे असेल तर पत्र्यांचे क्षेत्रफळ दीडपट करावे लागते. पण कण पत्र्याकडे सरकण्याचा वेग दाबाच्या साधारण वर्गाने वाढत असल्यामुळे सरासरी दाब 20 टक्क्यांनी चढवला तरी कागदावर जवळपास तेवढाच लाभ होतो. नवी खोली बांधण्यापेक्षा पेटी बदलणे केव्हाही स्वस्त.

नवी पेटी तीन फेजची वीज आधी सुमारे 560 व्होल्टच्या एकदिश दाबात बदलते आणि आयजीबीटी नावाच्या अर्धवाहक स्विचांनी तिचे तुकडे पाडून 20 ते 50 किलोहर्ट्झची वीज तयार करते. रोहित्राच्या मूळ समीकरणात वारंवारता, वेढे, गाभ्याचा छेद आणि चुंबकीय घनता यांचा गुणाकार दाब ठरवतो, म्हणून वारंवारता पाचशेपट झाली की बाकीच्यांना तेवढीच मुभा मिळायला हवी. प्रत्यक्षात तेवढी मिळत नाही. लोखंडी पत्र्यांचा गाभा एवढ्या वारंवारतेला तापून निकामी होईल, म्हणून फेराइट वापरावे लागते, आणि फेराइट लोखंडाच्या सहाव्या-आठव्या हिश्शाएवढीच चुंबकीय घनता पेलते. तरीही साठ-सत्तरपट घट उरते, आणि टनाचे रोहित्र एका माणसाच्या वजनाइतके होऊ शकते असे वाटू लागते. इथेच गडबड होते. वारंवारतेने लोखंड आटते, पण सत्तर हजार व्होल्टला लागणारे अंतर आटत नाही. हवेत वीतभर आणि तेलात काही सेंटीमीटर ही मोकळीक 50 हर्ट्झलाही लागत होती आणि आताही लागते. आता छोट्याशा गाभ्याभोवती जागेची ही सक्ती आधीपेक्षा जास्त जाचते.

आणि हे अंतर फुकट मिळत नाही. दोन गुंडाळ्या दूर नेल्या की त्यांच्यातले चुंबकीय बंधन सैल होते; जवळ आणल्या की त्यांच्यातली धारिता, म्हणजे वीजभार साठवण्याची क्षमता, वाढते. उच्च दाबाच्या बाजूला वेढे सव्वाशेपट असतात, आणि तिथली धारिता कमी दाबाच्या बाजूला त्या पटीच्या वर्गाने मोठी होऊन दिसते. दुय्यम गुंडाळीत शंभर पिकोफॅरड, म्हणजे जवळजवळ काहीच नाही अशी, धारिता असली तरी कमी दाबाच्या बाजूला ती दीड मायक्रोफॅरडहून मोठी होते. 50 हर्ट्झला ती पाव अँपियरच्या जवळपास प्रवाह मागते आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. 25 किलोहर्ट्झला तीच 137 अँपियर मागू लागते, तेही राखेचा एकही कण न धरता. या पेटीच्या अभियंत्याचे निम्मे आयुष्य या अदृश्य, कोणी न बसवलेल्या कपॅसिटरशी झगडण्यात जाते असे म्हटले तरी चालेल.

त्यावरचे दोन उपाय खरोखर देखणे आहेत. पहिला उपाय शत्रूलाच नोकरीत घेण्याचा आहे: गुंडाळीची धारिता आणि सैल बंधनातून येणारे इंडक्टन्स यांनाच अनुनादी मंडलाचे भाग मानायचे, म्हणजे ठराविक लयीत झुलणाऱ्या मंडलात त्यांना गुंफायचे, आणि स्विच शून्य प्रवाहाच्या किंवा शून्य दाबाच्या क्षणी उघडायचे. यामुळे ठिणगीच्या वेळी प्रवाहही आपोआप आवरला जातो. दुसरा उपाय गुंडाळीचे अनेक छोटे कप्पे करण्याचा. प्रत्येक कप्प्याला त्याचा स्वतःचा जलद डायोडपूल द्यायचा आणि एकदिश दाब एकामागून एक जोडत वर चढवायचा. अशाने प्रत्येक कप्प्यावर प्रत्यावर्ती दाब काही हजार व्होल्टांचाच राहतो. तांब्याचेही ऐकावे लागते, कारण 25 किलोहर्ट्झला प्रवाह तारेच्या पृष्ठभागालगतच्या सुमारे 0.4 मिलिमीटर थरातूनच वाहतो. म्हणून जाड तार टाकून केसासारख्या बारीक, प्रत्येकीवर स्वतंत्र रोधक थर असलेल्या तारांची दोरी वळतात. हे सगळे जुळले की दाबातली लहर चाळीस टक्क्यांच्या आसपास होती ती पाच टक्क्यांच्या आत येते आणि ठिणगी काही मायक्रोसेकंदांत ओळखली जाते.

एवढ्यावर लेख संपवता आला असता, पण पेटी प्रयोगशाळेत राहत नाही. ती बसते राखेच्या खोलीच्या छतावर, जिथे खालून तापलेले पोलाद असते आणि वरून चंद्रपूरसारख्या ठिकाणी मे महिन्यात 45 अंशांच्या पुढे गेलेले ऊन. जुन्या टाकीत हलणारा भाग एकही नव्हता. नवीन पेटीत पंखा असतो, गाळणी असते, उष्णतेने म्हातारे होणारे कपॅसिटर असतात, आणि गाळणी राखेने बुजली की सगळ्यांचे आयुष्य एकदम घटते. जुने रोहित्र स्थानिक कारागीर पुन्हा गुंडाळून देऊ शकत असे. या पेटीचे नियंत्रक कार्ड बिघडले तर बहुतेक वेळा नवे कार्डच मागवावे लागते.

त्याहून मोठी अडचण कोळशाची आहे. भारतीय कोळशात गंधक अर्ध्या टक्क्याच्या आसपास, त्यामुळे राखेचा पृष्ठभाग वाहक बनवणारे सल्फर ट्रायऑक्साइड फारसे निर्माण होत नाही, आणि 130 ते 150 अंश तापमानाला राखेची रोधकता शिखरावर असते. ती ओहम-सेंटीमीटरमध्ये एकावर बारा शून्ये एवढी झाली, तर पत्र्याच्या दर चौरस मीटरला अवघा 0.2 मिलिअँपियर प्रवाहही राखेच्या थरावर दर सेंटीमीटरला वीस हजार व्होल्टचा ताण आणतो. थर आतून फुटतो, उलट्या भाराचे आयन बाहेर पडतात आणि पकडलेली राख पुन्हा उडते. याला बॅक कोरोना म्हणतात. अशा राखेपुढे सपाट दाब हा गुण राहत नाही, दोष होतो, आणि सपाटपणासाठी विकत घेतलेली पेटी काही मिलिसेकंद चालू आणि त्याच्या कित्येक पट काळ बंद अशी तोडून चालवावी लागते. त्यातल्या त्यात तिचा निःसंशय फायदा दिसतो तो खोलीत वायू शिरतो त्या पहिल्या भागात, जिथे राखेची गर्दी सर्वांत दाट असते आणि ठिणग्या वारंवार पडतात.

केंद्र सरकारच्या डिसेंबर 2015 च्या अधिसूचनेने 2004 ते 2016 दरम्यानच्या संचांना दर घनमीटरला 50 आणि 2017 पासूनच्यांना 30 मिलिग्रॅम धुळीची मर्यादा घातली, आणि तेव्हापासून अशा पेट्यांना मागणी आली. मात्र पेटी मागवणाऱ्याने निविदेत किलोव्होल्ट आणि मिलिअँपियर लिहिण्याआधी आपल्याच खाणीच्या राखेची रोधकता, तीही 130 ते 150 अंशांना मोजलेली, नोंदवावी. नाहीतर त्याने कशाची हमी मागितली आहे हे विकणाऱ्यालाही सांगता येणार नाही.