पारित सुलोंगचा पूल

जानेवारी 1942. मलायातल्या मुआर नदीच्या काठावर सुमारे 40 किलोमीटरची आघाडी सांभाळायला 45व्या भारतीय ब्रिगेडला उभं केलं होतं. अहमदनगरला 1941 मध्ये उभारलेल्या 17व्या डिव्हिजनची ही ब्रिगेड. गढवाली, जाट आणि राजपुताना रायफल्सच्या या पलटणींत अर्धवट प्रशिक्षण झालेली कोवळी पोरं होती. त्यांची तयारी चालली होती वाळवंटातल्या लढाईसाठी. समोर आले जपानचे इम्पिरियल गार्ड्स. नदीकाठची फळी दोन दिवसांत फुटली. पुढच्या काही दिवसांत तिन्ही पलटणींचे कमांडिंग ऑफिसर मारले गेले.

मदतीला ऑस्ट्रेलियाच्या दोन पलटणी धावल्या. त्यांतल्या 2/19 बटालियनचे प्रमुख होते लेफ्टनंट कर्नल चार्ल्स अँडरसन. वय 44, डोळ्यांवर चष्मा, न्यू साउथ वेल्समधल्या यंग गावचे पशुपालक. जन्म मात्र केपटाऊनचा, बालपण केनियातलं. पहिल्या महायुद्धात ते पूर्व आफ्रिकेत किंग्ज आफ्रिकन रायफल्समधून लढले होते आणि त्यांना मिलिटरी क्रॉस मिळाला होता. म्हणूनच मलायातल्या जंगलाचा त्यांनी धसका घेतला नाही. झाडीत लपायचं कसं, वाट काढायची कशी, हे त्यांनी आपल्या जवानांच्या अंगवळणी पाडलं. पुढे जे जगले, ते बऱ्याच अंशी या शिकवणीमुळे.

19 जानेवारीला बाक्री इथल्या ब्रिगेडच्या मुख्यालयावर बॉम्ब पडले. ब्रिगेडियर डंकन जबर हादरले आणि सगळ्या फौजेची सूत्रं अँडरसनकडे आली. दुसऱ्या दिवशी माघार सुरू झाली. दोन्ही बाजूंना दलदल, मधून एकच रस्ता आणि त्यावर जपान्यांनी ठिकठिकाणी घातलेले अडथळे. ट्रक जखमींनी भरत चालले होते. एका अडथळ्यावर अँडरसन स्वतः हातबॉम्ब आणि पिस्तूल घेऊन पुढे घुसले आणि त्यांनी मशीनगनची ठाणी गप्प केली. पिछाडीला डंकन सावरून उठले, भारतीय जवानांना घेऊन त्यांनी संगिनींचा हल्ला चढवला आणि त्यातच ते पडले. या लढाईच्या कथांत ऑस्ट्रेलियन शौर्य ठळक येतं, पण पिछाडी राखताना सांडलेलं हे रक्त विसरणं अन्यायाचं आहे.

माघारीच्या वाटेवरच्या पारित सुलोंगला पोचल्यावर कळलं, की तिथला पूल शत्रूच्या ताब्यात आहे. जखमींचे ट्रक तरी जाऊ द्या, अशी अँडरसननी विनंती केली. आधी सगळ्यांनी शरण या, हे जपान्यांचं उत्तर. अँडरसननी ते धुडकावलं. 22 तारखेला सकाळी विमानांनी थोडं अन्न आणि मॉर्फिन टाकलं, पण सुटकेसाठी फौज येणार नव्हती.

मग त्यांनी आयुष्यातला सर्वांत कठीण हुकूम दिला: तोफा-गाड्या निकामी करा आणि चालू शकणाऱ्यांनी दलदलीतून योंग पेंगची वाट धरा. सुमारे 110 ऑस्ट्रेलियन आणि 40 भारतीय जखमी मागे राहिले. जपान्यांनी त्यांना गोळ्या घातल्या आणि पेट्रोल ओतून जाळलं. मेल्याचं सोंग घेऊन वाचलेल्या लेफ्टनंट बेन हॅकनी यांनी पुढे साक्ष दिली. इम्पिरियल गार्ड्सचा सेनापती जनरल ताकुमा निशिमुरा याला या हत्याकांडासाठी 1951 मध्ये फाशी झाली.

तो हुकूम योग्य होता का? आणखी एक दिवस थांबले असते तर सगळेच संपले असते, असं माझं स्पष्ट मत आहे. त्या वाटेनं सुमारे 500 ऑस्ट्रेलियन आणि 400 भारतीय सैनिक बाहेर पडले.

अँडरसनना व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला 13 फेब्रुवारीला. दोनच दिवसांनी सिंगापूर पडलं आणि ते युद्धकैदी झाले. बर्मा-थायलंड रेल्वेच्या छळछावण्या सोसून 1945 मध्ये ते सुटले. नंतर ते खासदार झाले आणि 1988 मध्ये कॅनबेरात वारले.

सिंगापूरला जाणाऱ्या मराठी पर्यटकांनी अर्धा दिवस काढून क्रांजीचं युद्धस्मारक पाहावं. ज्यांची कबर सापडली नाही अशा 24 हजारांहून अधिक सैनिकांची नावं तिथल्या भिंतींवर कोरली आहेत. त्यांत भारतीय पलटणींची नावं शोधा आणि वाचा.