जंतनाशकाला दाद न देणारे मेंढ्यांतील जंत

पावसाळ्यात कळपाला जंतनाशक पाजूनही काही मेंढ्या खंगत जातात, जबड्याखाली पाणी उतरते आणि कोकरे दगावतात. अशा वेळी मेंढपाळ औषधाला दोष देतात. परंतु पुष्कळदा औषध चांगले असते. जंतच त्याला सरावलेले असतात.

मेंढीच्या चौथ्या पोटात राहणारा हिमोंकस हा गोल जंत रक्त शोषतो. एक जंत दिवसाला सुमारे ०.०५ मि.ली. रक्त घेतो, म्हणजे १,००० जंत असल्यास रोज ५० मि.ली. रक्त जाते. एक मादी रोज ५ ते १० हजार अंडी घालते. इतक्या जंतांत काही जन्मतःच औषध सहन करणारे असतात. औषधाने बाकीचे मरतात, हे उरतात आणि त्यांचीच पैदास वाढते. थायाबेंडाझोल हे औषध १९६१ मध्ये वापरात आले आणि १९६४ मध्येच अमेरिकेत त्याला न जुमानणारे हिमोंकस आढळले.

चूक कोठे होते?

१) वजनाचा अंदाज कमी धरून अपुरी मात्रा पाजली जाते.

२) बाटलीवरील नाव बदलले म्हणजे औषध बदलले, असा समज असतो. अल्बेंडाझोल व फेनबेंडाझोल एकाच गटातील आहेत. लेव्हामिसॉल आणि आयव्हरमेक्टिन यांचे गट वेगळे आहेत.

३) सर्व कळपाला औषध पाजून लगेच नव्या कुरणात नेले जाते. मग तेथे निर्ढावलेल्या जंतांचीच अंडी पडतात.

काय करावे?

१) लहानमोठ्या मेंढ्यांचे गट करावेत. प्रत्येक गटातील सर्वांत वजनदार मेंढीच्या वजनाप्रमाणे मात्रा ठरवावी. गाभण मेंढ्यांना औषध देण्यापूर्वी पशुवैद्यकाला विचारावे.

२) पावसाळ्यात दर पंधरवड्यास खालच्या पापणीची आतील बाजू पाहावी. ती फिकट वा पांढरी दिसणाऱ्या आणि अशक्त मेंढ्यांनाच औषध पाजावे. ही पद्धत दक्षिण आफ्रिकेत विकसित झाली. लालबुंद पापणीच्या धडधाकट मेंढ्या सोडल्याने औषधाने मरणारे जंतही कळपात टिकतात आणि निर्ढावलेल्यांचे प्रमाण झपाट्याने वाढत नाही.

३) औषधापूर्वी व नंतर १० ते १४ दिवसांनी त्याच मेंढ्यांच्या ताज्या लेंड्या पशुवैद्यकीय दवाखान्यामार्फत तपासून घ्याव्यात. अंडी ९५ टक्क्यांपेक्षा कमी घटली, तर औषध निष्प्रभ होत आहे असे समजून पशुवैद्यकाच्या सल्ल्याने गट बदलावा.

४) विकत आणलेली मेंढी वेगळी ठेवून, तपासणीनंतरच कळपात सोडावी.

जंतनाशकांचे गट मोजकेच आहेत. एकदा जंत निर्ढावले की तो गट त्या कळपापुरता जवळजवळ कायमचा निकामी होतो. म्हणून औषध पाजावे ते गरजू मेंढीलाच, पण पुऱ्या मात्रेत.