अनंतावरचं खातं

बँकेत पस्तीस वर्षं काढलेल्या माणसाला नोंदीशिवाय चैन पडत नाही. निवृत्त होऊन पावसला येऊन राहिलो तरी ती खोड गेली नाही. म्हणून मार्चमध्ये पडवीसमोरच्या अनंतात शिपाई बुलबुलाच्या जोडीनं घरटं केलं, तेव्हा मी कोरी वही काढून रकाने आखले.

चहाच्या पेल्याएवढं घरटं. बारीक मुळं, सुकी पानं, वर कोळिष्टकाची बांधणी. एकेक करत तीन दिवसांत तीन अंडी झाली. फिकट गुलाबी, त्यावर तांबूस शिंतोडे, जाड टोकाशी जरा दाट. ठेव वाढावी तसा मला आनंद झाला. मी दिवसातून तीनदा जाऊन पाहू लागलो. नीट दिसावं म्हणून एक फांदी सुतळीनं मागे बांधली.

"अहो, बसू द्या की तिला," आमची ही म्हणाली, "बाळंतिणीच्या खोलीत असं कुणी सारखं डोकावतं का?"

आठव्या दिवशी घरटं रिकामं होतं. सकाळपासून गडग्यावर भारद्वाज घुमत होता. अंडी पळवणारा म्हणून त्याची ख्यातीच आहे. त्याला मनसोक्त शिव्या दिल्या. मग सुतळी दिसली. घरट्याचा आडोसा मीच काढून घेतला होता.

अंड्यांचा मोह जुना आहे. काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे ॲलन ह्यूम मोठे पक्षितज्ज्ञ. १८८५ साली त्यांचा संग्रह ब्रिटिश म्युझियमकडे गेला, त्यात हजारो अंडी होती. त्या काळी ज्ञान असंच जमवीत. पण १९३० च्या पावसाळ्यात आपल्याच किहीमला राहून सालीम अलींनी सुगरण नुसती पाहिली. एक नर घरटी विणत विणत अनेक माद्यांशी संसार थाटतो, हे त्या पाहण्यातून कळलं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं तर अंड्यांना, घरट्यांना उपद्रव देणं हेही शिकारीतच धरलं. माझी सुतळी त्यात कुठे बसते, ते तुम्हीच ठरवा.

ते पान फाडावं असं मनात आलं. पण रोकड कमी भरली म्हणून कुणी वही फाडत नाही. लिहिलं : 'तीन अंडी गेली. फांदी मी बांधली होती.'

पुढे एप्रिलमध्ये कुंपणाच्या मेंदीत पुन्हा ये-जा सुरू झाली. या खेपेला मी पडवी सोडली नाही. दुर्बीण घेऊन खुर्चीत बसलो. अंडी किती, कधी घातली, ठाऊक नाही. ते रकाने कोरेच राहिले. एके दिवशी दोघं चोचीत किडे घेऊन येताना दिसली, तेव्हा पिल्लं निघाल्याचं कळलं.

मेच्या पहिल्या आठवड्यात गडग्यावर दोन आखूड शेपट्या थरथरताना दिसल्या.

"लिहिलंत का?" हिनं आतून विचारलं.

"थांब," मी म्हटलं, "आधी उडू देत."