फाटकावरची गणती

भायखळ्याच्या राणीच्या बागेत किती माणसे आली आणि तिकिटांचे किती पैसे जमले, हे आकडे महापालिका वेळोवेळी अभिमानाने सांगत असते. मार्च २०१७ मध्ये पेंग्विन लोकांस दाखविण्यास आरंभ झाल्यापासून तर या आकड्यांना लोकमताच्या कौलाचीच प्रतिष्ठा आली आहे. गर्दी लोटते, त्या अर्थी जे चालले आहे ते जनतेस पसंत आहे, असा हा हिशेब. आम्हांस तो मान्य नाही.

ही बाग १८६२ मध्ये खुली झाली ती वनस्पतिउद्यान म्हणून. प्राणी तीत मागाहून आले. आज गोरखचिंचेच्या सावलीत घटकाभर टेकणारा कारकून, उर्वशीचा फुलोरा पाहण्यासाठी वाट वाकडी करणारा विद्यार्थी आणि पेंग्विनांसाठी मुलाचा हट्ट पुरविणारा बाप, हे तिघेही तिकीटखिडकीस सारखेच. शिवाय ऑगस्ट २०१७ मध्ये प्रौढांचे तिकीट ५ रुपयांवरून ५० वर गेले. आईबाप व दोन मुले यांस मिळून १०० रुपयांची सवलत ठेवली, हे खरे. परंतु सडा माणूस जो फाटकावरून परतला, किंवा पुन्हा फिरकलाच नाही, त्याची नोंद कोणत्या वहीत आहे?

मग लोकांनाच विचारावे, हे ओघाने आले. पण तेथेही सावधगिरी हवी. बागेत उभे राहून भेटेल त्यास विचारले, तर रोज फिरावयास येणारा हटकून सापडतो, वर्षातून एकदा येणारा क्वचित, आणि न येणारा कधीच नाही. म्हणून लालबाग, नागपाडा, माझगाव येथील बिऱ्हाडांतूनही विचारणा झाली पाहिजे, आणि तीही मराठीबरोबर हिंदी-उर्दूत. (बागेचे नाव बदलून वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान झाले असले, तरी प्रश्नात ‘राणीची बाग’ म्हटल्यावाचून पुष्कळांना ते कळावयाचे नाही!) ‘झाडे हवीत काय?’ यास नको कोण म्हणेल? नव्या पिंजऱ्यासाठी सावलीचा अमुक तुकडा द्यावा काय, असे जागा दाखवून विचारले तरच उत्तरास वजन येईल.

बागेच्या पुनर्रचनेच्या एका मोठ्या योजनेस वृक्षप्रेमी नागरिकांनी यापूर्वी दीर्घकाळ विरोध केला आहे. असा विरोध मूठभरांचा की बहुतांचा, यावर आराखडा तयार झाल्यानंतर भांडत बसण्यापेक्षा आधी मोजणी करणे स्वस्त पडते. पुढच्या कामाच्या निविदा निघण्यापूर्वी महापालिकेने ती करावी. आणि आलेली उत्तरे, तिला न रुचणारीसुद्धा, जशीच्या तशी प्रसिद्ध करावीत.