जुळ्या कोकरांचे गणित

दख्खनी मेंढी काटक, माळरानावर मैलोन्‌मैल चालणारी. पण एका वेताला सहसा एकच कोकरू देणारी. सुंदरबनातली गरोळ मेंढी बुटकी, मात्र ‘फेक-बी’ जनुकामुळे तिला जुळी होतात. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत डॉ. चंदा निंबकर आणि सहकाऱ्यांनी संकरातून हे जनुक दख्खनी कळपात आणले आणि ‘नारी सुवर्णा’ मेंढी घडवली.

कोकरे वाढली की मेंढपाळाच्या हाती नेमके किती जास्त येते? त्यासाठी अवकल समीकरण मांडावे लागते.

कळप किती मोठा, यापेक्षा तो किती वेगाने बदलतो आहे, हे असे समीकरण सांगते. सर्वांत सोप्या प्रारूपात वाढीचा वेग कळपाच्या आकाराच्या प्रमाणात असतो. समजा, जन्मातून मृत्यू वजा जाता वाढीचा दर वर्षाला १० टक्के आहे. मग १०० मेंढ्यांच्या २०० व्हायला सुमारे ७ वर्षे लागतील. जुळ्यांमुळे दर २० टक्के झाला, तर साडेतीनच.

पण माळ तेवढाच राहतो. बेल्जियमचे गणिती पिएर व्हेरहुल्स्ट यांनी १८३८ मध्ये समीकरणात ही मर्यादा घातली: जागा भरत जाईल तशी वाढ मंदावते आणि क्षमता संपली की थांबते. कळप क्षमतेच्या निम्मा असताना त्यात सर्वाधिक भर पडते.

आता यातून विक्री वजा करू. कुरण २०० मेंढ्यांचे असेल आणि कळप १०० वर राखला, तर निम्मे कुरण भरल्याने वाढ निम्म्यावर येते, आणि १० टक्के दराने दरवर्षी ५ मेंढ्या विकता येतात. २० टक्के दराने १०. कुरण तेच, कळप तेवढाच, विक्री मात्र दुप्पट. त्याहून जास्त विकत राहिले, तर कळप घटत घटत संपतो.

फलटण पर्जन्यछायेचा तालुका. दुष्काळात कुरणाची क्षमता २०० वरून १०० वर आली, तर २० टक्के दर कायम राहूनही, आणि कळप नव्या क्षमतेच्या निम्म्यावर आणला तरी, टिकाऊ विक्री पुन्हा ५ वर येते. जुळ्यांनी दिलेले सगळे दुष्काळ काढून घेतो.

प्रत्यक्षात कोकरे अखंड धारेसारखी जन्मत नाहीत, ती वेताच्या हंगामात येतात. शिवाय जुळ्यांच्या आईला जादा खुराक लागतो. प्रारूप हे तपशील गाळते, तरी कोणती बाजू कमजोर आहे ते दाखवते. म्हणून जुळी देणारी मेंढी घेणाऱ्याने त्याच वेळी चाऱ्याची बेगमीही करावी.