रानवाटेवर पळण्यासाठी हलके बूट निवडताना



आळंद आणि आसपासच्या गावांत सकाळी फिरणाऱ्यांच्या जोडीला आता पळणारेही दिसू लागले आहेत. पुण्या-हैदराबादला नोकरी करणारी आपली मुले सणासुदीला घरी आली की डांबरी रस्ता सोडून शेतातल्या गाडवाटेने पळायला जातात. त्यांच्या पायांत पातळ तळाचे, हातात घेतले तर वजनच जाणवू नये असे बूट असतात. ते पाहून घरातली वडीलधारी माणसेही विचारतात, "आम्ही घेतले तर चालतील का?" सकाळी एकत्र फिरणारी आम्ही चार-पाच निवृत्त मंडळी या विषयावर बरेच वाचत आणि बोलत आलो आहोत. त्यातले कामाचे तेवढे येथे देत आहोत. सार एवढेच की हे बूट वाईट नाहीत, पण ते नुसते वजन बघून घेऊ नयेत. आपला पाय आणि आपली माती बघून घ्यावेत.

हलकेपणाचा हिशेब

समजा, आपण ५ किलोमीटर पळालो आणि एका पावलात साधारण १ मीटर अंतर पडले, तर ५,००० पावले होतात. प्रत्येक बूट १०० ग्रॅमने जड असेल तर तेवढ्या पावलांत मिळून ५०० किलो, म्हणजे पाच क्विंटल वजन आपण जास्तीचे उचलतो. ऐकायला हा आकडा मोठा वाटतो. पण धावपटूंवरच्या प्रयोगांत एका बुटामागे १०० ग्रॅम वाढले तर शक्तीचा खर्च साधारण १ टक्क्यानेच वाढतो असे दिसले आहे. शर्यतीत उतरणाऱ्याला तो १ टक्का मोलाचा असतो. तब्येतीसाठी पळणाऱ्याला मात्र पाय शाबूत राहणे जास्त महत्त्वाचे.

पळण्याचा नेहमीचा बूट २५० ते ३५० ग्रॅमचा असतो आणि त्यात टाच चवड्यापेक्षा ८ ते १२ मिलिमीटर उंच असते. पातळ तळाच्या बुटात हा फरक ० ते ४ मिलिमीटर, वजन २०० ग्रॅमच्या आसपास किंवा त्याहून कमी, आणि गादी जवळजवळ नसतेच. टाचेखाली गादी नसली की बरेच जण टाच आपटायची टाळतात आणि चवड्यावर उतरू लागतात. त्यामुळे गुडघ्यावरचा भार काहीसा कमी होतो, पण तो नाहीसा होत नाही. तो पोटरीवर, टाचेमागच्या जाड शिरेवर आणि पावलातल्या बारीक हाडांवर जातो.

अनवाणी पळणाऱ्यांचे दाखले

बारामतीच्या मॅरेथॉनमध्ये नऊवारी नेसून अनवाणी पळालेल्या लता करे यांची गोष्ट आपल्याला माहीत आहे. त्यांच्यावर २०२० मध्ये मराठी चित्रपटही आला. त्यांचे नाव घेऊन कोणी म्हणते, बूट हवेतच कशाला? पण त्यांचे पाय आयुष्यभर मजुरीच्या कामात घट्ट झालेले होते. तीस वर्षे खुर्चीत बसलेल्या आमच्यासारख्यांच्या पायांशी त्यांची तुलना होत नाही. इथिओपियाचा अबेबे बिकिला १९६० मध्ये रोमची ऑलिंपिक मॅरेथॉन अनवाणी जिंकला आणि १९६४ मध्ये टोकियोची मॅरेथॉन त्यानेच बूट घालून जिंकली. कमाई पायांची होती, असाच याचा अर्थ आम्ही घेतो.

उलट बाजूचा पुरावाही आहे. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात ३६ सरावलेल्या धावपटूंना घेतले होते. त्यांतल्या ज्यांनी १० आठवड्यांत हळूहळू अगदी पातळ बुटांची सवय करायला घेतली, त्यांच्यापैकी निम्म्याहून अधिकांच्या पावलांच्या हाडांत सूज आढळली. सरावलेल्यांची ही गत, तर नवख्याने घाई करूच नये.

आपली माती काय म्हणते

बुटांच्या जाहिरातीतली वाट आणि आपल्याकडची वाट यांत फरक आहे. आपल्याकडे तीन हंगामांत तीन वेगवेगळ्या अडचणी येतात.

पावसाळ्यात काळी माती बुटाला धरते. शंभर पावलांत हलका बूट दुप्पट जड होतो आणि हलकेपणासाठी मोजलेले पैसे चिखलात जातात. तळाचे दाते ५-६ मिलिमीटर खोल आणि एकमेकांपासून लांब असले तर माती लवकर सुटते. त्याहून सोपे म्हणजे पाऊस उघडल्यावर दोन-तीन दिवस काळ्या रानात न जाता मुरमाड माळावर पळावे.

डिसेंबर-जानेवारीत तुरीची कापणी होते. तिरके कापलेले धसकट वाळले की खिळ्यासारखे होते. त्यात बांधावरच्या बाभळीचे काटे. पातळ तळ येथे टिकत नाही. रानात पळायचेच असेल तर तळात पातळ पण कडक पत्रा बसवलेला बूट घ्यावा. दुकानात त्याला रॉक प्लेट म्हणतात आणि ती बहुधा प्लॅस्टिकची असते.

उन्हाळ्यात काळ्या रानाला भेगा पडतात. तेथे घोटा मुरगळण्याची भीती असते, आणि त्यावर कोणत्याच बुटाचा उपाय नाही. पायवाट सोडू नये.

दुकानात काय पाहावे

संध्याकाळी जावे, कारण दिवसभरात पाय थोडे सुजलेले असतात. नेहमीचे मोजे घालूनच बूट बघावेत. घरी कागदावर उभे राहून पावलाची आखणी करावी आणि बुटातला सुटा तळ काढून त्यावर ठेवून पाहावा. बोटे बाहेर येत असतील तर तो बूट आपला नव्हे. पुढे अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा हवी, टाच मात्र घट्ट बसली पाहिजे. नवख्याने एकदम ० मिलिमीटरवर न जाता ४ ते ६ मिलिमीटर फरकाचा, थोडी गादी असलेला बूट घेणे शहाणपणाचे.

नवे बूट आधी घरात, मग फिरायला, आणि शेवटी पळायला वापरावेत. पहिल्या आठवड्यात एकूण पळण्याचा दहावा हिस्साच त्यांत पळावा, बाकीचे जुन्या बुटांत. कर्जासारखेच हे हप्त्याहप्त्यानेच जमते. पोटरी दुखली तर हप्ता थांबवावा. पावलात एकाच जागी बोट ठेवल्यावर दुखत असेल तर पळणे बंद करून डॉक्टरांकडे जावे.

कोजागिरीला तुळजापूरला पायी जाणाऱ्यांनी हे पातळ बूट नवेकोरे घालून निघू नये. दिवसभर डांबरावर चालायला गादी असलेला, आधीपासून वापरातला बूटच बरा.

आणि सर्वात महत्त्वाचे. ज्यांना मधुमेह आहे, तळपायाला मुंग्या येतात किंवा बधिरपणा जाणवतो, त्यांनी पातळ तळाच्या वाटेला जाऊच नये. काटा रुतलेला कळत नाही आणि साधी जखम चिघळून बोट गमावण्याची वेळ येते. अशांनी रोज रात्री तळपाय आरशात बघावेत आणि बूट घालण्यापूर्वी आत हात फिरवून खडा किंवा काटा नाही ना, याची खात्री करावी. घरातल्या मुलांनी आई-वडिलांसाठी बूट घेताना किमतीच्या आधी एवढे विचारले तरी पुष्कळ झाले.